उजव्या हाताची भिंत

उंच डोंगरातला बुद्धाचा मठ बघायला मी आणि धाकटा भाऊ निघालो होतो. आमचा गाईड तिथल्याच खोऱ्यातला, पन्नाशीचा. रोज सकाळी चहा देताना विचारायचा, "बाबूजी, सर में दर्द? नींद आई?" मी छाती काढून सांगायचो, "हम खानदेश के हैं. मई में नंगे पाँव चलते हैं."

दुसऱ्या दिवशी चढावर धाकटा भाऊ हळूच म्हणाला, "भाऊ, मनं डोकं फुटी ऱ्हायनं. त्याले सांगू का?"

"गप ऱ्हाय. सांगशी त खाली धाडी दी. बुद्धाना मठ देखाले गयथात आन् दारमाईन परत उनात, म्हनीसन बठ्ठं धरणगाव हासी."

तो पुढं चालू लागला. माझा शब्द त्यानं कधी मोडला नाही.

मी त्याच्या डोक्याला उपरणं करकचून बांधलं. घरून आणलेला कांदा त्याच्या खिशात घातला. आमच्याकडे ऊन लागू नये म्हणून हेच करतात. चालत्या पायी पाणी पिऊ नये, म्हणून त्याची बाटली मी माझ्याकडे घेतली. मी चौथी शिकलेला, पण उन्हाचं मला कुणी शिकवायला नको. ते दुखणं उन्हाचं नव्हतंच, उंचावरच्या विरळ हवेचं होतं, हे मात्र माझ्या ध्यानात आलं नाही.

चौथ्या दिवशी समोरच्या कड्यावर मठ दिसू लागला. आम्ही चालू तितका तो मागं सरकत होता. वारा पडलेला. वखर हाकताना बैलांशीसुद्धा गप्पा मारणारा माझा भाऊ सकाळपासून एक शब्द बोलला नव्हता. मधेच एकदा एकटाच हसला. तरी मी मठाकडंच बघत राहिलो.

वाटेत दगडांची लांब भिंत लागली. दगडादगडावर मंत्र कोरलेले. भिंत उजव्या हाताला ठेवूनच जायचं, असं गाईडनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. भावाला ते सांगायची गरज नव्हती; दर शनिवारी मारुतीला प्रदक्षिणा घालणारा माणूस तो. त्या दिवशी तो उलट्या अंगानं शिरला. भिंत चाचपत, पायात पाय अडकवत.

गाईड वळला. त्यानं भावाचे डोळे बघितले आणि मला विचारलं, "कब से?"

'आजच,' असं ओठावर आलं होतं.

"परसों से," मी म्हणालो. "मैंने बोलने नहीं दिया."

त्यानं उपरणं सोडलं. खिशातला कांदा काढून बघितला, भिंतीवर ठेवला. मग भावाला पाठीवर घेऊन उतरायला लागला. मागं मी, हातात भावाची भरलेली बाटली.

खालच्या गावातल्या दवाखान्यात दुसऱ्या दिवशी दुपारी भावानं मला ओळखलं. पण ते दोन दिवस त्याच्या डोक्यातून गेले ते गेलेच. अजून कधी कधी बोलता बोलता तो थांबतो, हसतो, आणि मी त्याचे डोळे बघतो.

चहाच्या टपरीवर तो सांगतो, "भाऊनं डोकं दुखे, म्हनीसन परत उनूत." त्याला खरंच तसं, माझंच डोकं दुखल्याचं आठवतं.

लोक हसतात. "काय भाऊ, कांदा नही लई गयथात का?"

"लई गयथू," मी म्हणतो, आणि त्याचा ग्लास पाण्यानं भरतो.