दोन बल्बांचा बोर्ड

शेजारच्या फ्लॅटमध्ये वायरिंगचं काम चाललंय. सनमायकाला ड्रिल लागलं की जो जळका वास येतो, तो आला आणि मी थेट कोपरखैरण्याच्या त्या नव्या कॉलेजात जाऊन बसले.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. पहिल्या वर्षाचा इलेक्ट्रिकलचा कोर्स नव्याने आखायचा होता. मुलांनी सूत्राआधी दिवा पाहावा, असं माझं म्हणणं. त्यासाठी मी एक बोर्ड बनवला होता. बटण इकडे दाबलं की दोन्ही बल्ब सिरीजमध्ये, मंद. तिकडे दाबलं की पॅरललमध्ये, लख्ख. त्याच्या सनमायकाला भोकं पाडायला माझ्याच विभागातल्या कदमसरांनी मदत केली होती.

मीटिंगमध्ये बोर्ड पेटला. खिडकीतून खाडीचा खारट वारा येत होता, समोर चहा निवत होता. मग विभागाचे एचओडी म्हणाले, "वा मॅडम! आणि पेपरात काय विचारायचं? बल्ब किती हसला?"

सगळ्यात मोठ्याने कदमसर हसले.

"गणपत," एचओडींनी शिपायाला हाक मारली, "लेडीज टॉयलेटचा दिवा गेलाय ना? हा लाव तिथे."

त्या मजल्यावर बाई मी एकटीच.

तेव्हा वाटलं, साहेबांना बोर्ड कळलाच नाही. आता वाटतं, चांगला कळला होता. दिवा पाहून मुलं जे विचारतील, त्याचं उत्तर साहेबांच्या पिवळ्या पडलेल्या नोट्समध्ये नव्हतं.

गणपतने बोर्ड चोख बसवला. वर्गात मुलं फळ्यावरची सूत्रं उतरवत राहिली. इकडे टॉयलेटमध्ये, नोकरी सोडेपर्यंत, बटण मीच दाबायचे, गेलेला बल्बही मीच बदलायचे. माझा कोर्स चालला तो असा, एका विद्यार्थिनीसाठी.