आईचा काळापांढरा फोटो

आमच्या वकीलसाहेबांच्या ऑफिसात चहाची सुट्टी पंधरा मिनिटांची आणि जेवणाची अर्ध्या तासाची. डबा मी दहा मिनिटांत संपवते. मग जयेंद्रगंजातून निघायचं, पाय नेतील तिथवर जायचं, मोबाइलवर एक फोटो काढायचा आणि धापा टाकत परत यायचं, हा माझा तीन वर्षांचा नेम. फोटो काळापांढराच. रंगीत काढला की फ्लेक्सवरचे पुढारी आणि गुटख्याच्या माळाच आधी दिसतात, माझं डोकंच फिरतं. रंग काढले की मागची भिंत दिसते, तिच्यावरचं ऊन दिसतं.

हे झालं लोकांना सांगायचं कारण. खरं कारण माझा दादा. आम्ही इथे उत्तरेत, तो पुण्याला असतो आणि अकरा वर्षांत घरी आलेला नाही.

बाबा गेले तेव्हा तो तिसऱ्या दिवशी पोचला. सुट्टी मिळाली नाही, तिकीट मिळालं नाही, काय काय झालं. तेराव्याला पंगत बसलेली असताना आईने सगळ्यांदेखत त्याला सुनावलं, "आता तरी कशाला आलास? नसता आलास तरी चाललं असतं." तो पानावरून उठला नाही. मान खाली घालून जेवला, दुसऱ्या दिवशीच्या गाडीने गेला, आणि मग खरंच आला नाही. आई हट्टी, आणि हा थेट तिच्यावर गेलेला. त्या दिवसापासून दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, माझाही फोन तो उचलत नाही, आणि मरण माझं होतं. बेल वाजली की आई आधी माझ्याकडे बघते, मग दाराकडे. कुणाची वाट बघतेस म्हणून विचारलं की म्हणते, "दूधवाल्याची."

नातेवाइकांचा आमचा एक ग्रुप आहे. इंदूर, बडोदा, पुणे, सगळीकडची मंडळी त्यात. दादाही आहे, पण मुका. मी रोजचा फोटो तिथे टाकते. गोरखीतल्या शाळेचं फाटक, जिथे त्याने पुढचा दात पाडून घेतला होता. सराफ्यामागची गल्ली, जिथून आम्ही दोघं शाळा बुडवून बाड्याच्या चौकात कचोरी खायला पळायचो. फोटो कुणी कुणी पाहिला ते फोनवर कळतं. दादाचं नाव पाच मिनिटांच्या आत यायचंच. शब्द मात्र एक नाही. मला वाटायचं, एखाद्या दिवशी त्याला इतकं भरून येईल की तो उठून गाडीत बसेल. वेडीच मी!

आईचा फोटो मात्र तिने कधी काढू दिला नाही. आमच्या देवघराशेजारच्या भिंतीवर पणजोबांपासून सगळे ओळीने टांगलेले आहेत आणि सगळे काळेपांढरे. आईच्या लेखी काळापांढरा फोटो म्हणजे गेलेल्या माणसाचा. मी मोबाइल वर केला की ती पदराने तोंड झाकायची. "चल, हट! काढायचा तर रंगीत काढ. मी अजून आहे." मी कसली ऐकते? रंगीत मी काढत नाही म्हटलं तर नाही. अशी आमची रोजची झटापट.

मागच्या वर्षी नवरात्राच्या आधी आई देवाचे टाक उजळून घ्यायला सराफ्यात आली. चांदीचे ते छोटे पत्रे, वर कुलदेवता कोरलेल्या. पूर्वज दक्षिणेतून येताना कमरेला बांधून घेऊन आले म्हणतात. जेवणाच्या सुट्टीत मी तिला भेटायला गेले, तर ती दुकानाच्या पायरीवर एकटीच बसलेली. वरून उन्हाची एक तिरीप बरोबर तिच्या कपाळावर. रस्त्याच्या टोकाकडे बघत होती, आणि तिला काही दिसत नव्हतं. मी तशीच थबकले आणि फोटो काढला. तिला पत्ताच नाही.

इतका सुंदर फोटो मी आयुष्यात काढलेला नाही. सुट्टीची दोन मिनिटं उरली होती. दादाने आत्ताच्या आत्ता आपल्या आईचा चेहरा बघावा, एवढंच डोक्यात. फोटो ग्रुपवर टाकला, खाली एक अक्षर लिहिलं नाही, फोन मुका करून खणात टाकला आणि टायपिंगला बसले.

साडेचारला खण उघडला तर छत्तीस मिसकॉल. इंदूरच्या मावसवहिनीने सुरुवात केली होती, "भावपूर्ण श्रद्धांजली." मग काय, एकाने लिहिलं की झालं! ओम शांती, ईश्वर मृतात्म्यास सद्गती देवो, फुलं, हात जोडलेले. कुणी विचारायला तयार नाही की बाई, हे कधी झालं? बडोद्याच्या आत्याने आईच्या पुरणपोळीवर लांबलचक लिहून टाकलं होतं. मी घाईघाईने लिहिलं, "आई ठणठणीत आहे, गैरसमज नको," आणि घरी पळाले.

मला वाटलं, आई मला फाडून खाणार. तिने चष्मा लावला आणि सगळ्या श्रद्धांजल्या वाचून काढल्या. आत्याचं वाचून म्हणाली, "हिने तोंडावर कधी चांगलं म्हटलं नाही गं, मेल्यावर बघ कशी बोलते." आम्ही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. मग तिने बोटाने यादी पुन्हा वरपासून सरकवली, हळूहळू, शेवटपर्यंत. "त्याने काही लिहिलं नाही?" तिने विचारलं. नव्हतंच लिहिलं. मी त्याला दोनदा फोन लावला, बंद. आई मेल्याचं वाचून फोन बंद करतो, हा कसला मुलगा! मला त्याचा असा संताप आला की काय सांगू.

दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत त्याचा फोन आला. अकरा वर्षांनी आवाज ऐकला, आणि तो ओळखू येत नव्हता.

"मी भोपाळला पोचलोय. मी येईपर्यंत उचलू नका. सगळ्यांना सांग, थांबा म्हणावं. या वेळी मी पोचतोय."

"दादा," मी म्हटलं, "अरे, आई आहे. घरी आहे. काही झालेलं नाही. ग्रुपवर वाचलं नाहीस?"

मागे स्टेशनवरची हिंदी घोषणा ऐकू येत होती. तो म्हणाला, "फोन बंद करून ठेवला होता. कुणी काही विचारलं असतं तर मला बोलता आलं नसतं."

"मग ये ना! चार-पाच तासांत घरी पोचशील. ये रे, दादा."

"ती गेली म्हणून निघालो होतो गं," तो म्हणाला. "ती आहे, तर काय तोंड घेऊन समोर उभा राहू?"

मी भर रस्त्यात ओरडले, रडले, आईची शपथ घातली. तो भोपाळला उतरला आणि परत गेला.

आईला सांगायचं नाही असं ठरवलं होतं. पण माझ्या पोटात काही राहत नाही. संध्याकाळी ती भाजी निवडत बसली होती, तिथेच सगळं सांगून टाकलं आणि वर दादाला तोंडाला येईल ते बोलले.

"त्याला शिव्या देऊ नकोस," ती म्हणाली. मग भाजी बाजूला सारून, "पुण्याहून भोपाळ किती तासांचं?"

"चौदा-पंधरा."

"आणि तिथून आपल्याकडे?"

"पाच."

तिने मनातल्या मनात काहीतरी जुळवलं. चेहरा असा उजळला की मला तिच्याकडे बघवेना.

"म्हणजे पुष्कळच आला गं," ती म्हणाली. "अकरा वर्षांत एवढा जवळ कधी आला नव्हता."