जांभळाच्या झाडाचा तपास

सासूबाईंच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावल्या. डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, आणि थोडे दिवस वाचन आणि टीव्ही बंद. पहिली त्यांनी मुकाट मान्य केली. दुसरी ऐकून दवाखान्याच्या पायऱ्या उतरता उतरता मला म्हणाल्या, "मग मी दिवसभर करू काय? भिंत बघू?"

त्यांची काळजी खरी होती. लग्न होऊन त्या परळच्या चाळीत आल्या, सासरे गिरणीत होते, आणि पाळीवरून येणाऱ्या माणसाची वाट बघत बसायचं तर हातात काहीतरी हवं म्हणून त्या रहस्यकथा वाचायला लागल्या. गिरणी बंद पडली, घर मुलुंडला हललं, सासरे गेले, पण ती सवय राहिली. "भाजी शिजेपर्यंत एक खून होतो," असं त्या अगदी साधेपणाने सांगायच्या. खुनी कोण हे त्यांना बहुतेक वेळा आधी कळायचं आणि नाही कळलं तर राग लेखकावर निघायचा.

मी साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये हिशेब बघते. त्या आठवड्यात रजा घेतली होती. मी म्हटलं, मी वाचून दाखवते. आमचं नातं चांगलं होतं, पण एकत्र बसून काही करायची सवय आम्हाला नव्हती. त्या स्वयंपाकघरात असल्या की मी बाहेर, मी आत गेले की त्या खिडकीशी. त्यामुळे त्यांनी जरा संशयानेच विचारलं, "तुला जमेल? मधे मधे थांबायचं नाही हां."

स्टेशनाजवळच्या लायब्ररीत मी गेले तर त्यांच्या आवडीच्या सगळ्या पुस्तकांवर त्यांच्या नावाची नोंद आधीच होती. सगळी वाचून झालेली. लायब्ररीवाल्यांनी मागच्या कप्प्यातून एक नवं काढलं. "हे न्या. हल्ली याला मागणी आहे. लोक येऊन विचारतात, हिरवं काही आहे का."

"हिरवं म्हणजे?"

"पर्यावरणावरचं हो. पण थरार आहे. घाबरू नका."

त्यांनी घाबरू नका म्हटलं ते बरोबरच होतं. पर्यावरण हा शब्द ऐकला की मला थर्माकोलवर चिकटवलेले कापसाचे ढग आठवतात. मुलगी आता शिकायला बाहेरगावी असते, पण तिच्या शाळेच्या प्रोजेक्टसाठी मी असले बरेच ढग चिकटवलेत. पण दुसरं काही नव्हतं, म्हणून घेतलं.

संध्याकाळी दिवे लावून झाल्यावर सासूबाई काळा गॉगल लावून खाटेवर बसल्या. मी पुस्तकाच्या मागच्या कव्हरवरचा मजकूर वाचला. कोकणातली एक खाडी, तिच्यात मासे मरून वर यायला लागतात, पाण्याचे नमुने तपासायला एक तरुण बाई येते आणि नमुन्याच्या बाटल्याच चोरीला जातात.

"आणि मेलं कोण?" सासूबाई म्हणाल्या.

"मासे."

"मासे तर रोज मरतात. आपण खातो." मग उशीला टेकून, "वाच गो. बघूया."

पहिल्या प्रकरणाला त्यांनी दोनदा जांभई दिली. दुसऱ्यात बाटल्या गेल्या, तशा त्या ताठ बसल्या. तिसऱ्यात खाडीकाठच्या गावात पर्यावरणावर भाषणं देणारा एक रुबाबदार माणूस आला आणि त्यांनी मांडीवर थाप मारली. "हाच. लिहून ठेव. जो जास्त बोलता तोच."

नवरा कामावरून आला की आधी मोबाईल घेऊन आतल्या खोलीत जायचा. तिसऱ्या दिवशी तो चहाचा कप घेऊन दारातच उभा राहिला. चौथ्या दिवशी खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "मागे काय झालं ते सांग ना जरा, काल फोन आला होता." सासूबाईंनी त्याला गोष्ट थोडक्यात सांगितली, आणि सांगताना त्यांचा आवाज असा खाली आला होता की मी स्वतः वाचलेली गोष्ट मलाच नव्याने ऐकावीशी वाटली.

वाचता वाचता माझ्या लक्षात आलं की या पुस्तकाची ओढ वेगळी आहे. खुनाच्या गोष्टीत जे व्हायचं ते पहिल्या पाच-दहा पानांत होऊन गेलेलं असतं. मेलेला माणूस काही परत येत नाही, उरतं ते फक्त कोणी केलं. इथे खाडी अजून मेलेली नव्हती. प्रत्येक पानावर तिला वाचवायला वेळ होता, आणि तो कमी कमी होत होता. मी हे बोलून दाखवलं तर सासूबाई म्हणाल्या, "तर काय. हॉस्पिटलात पेशंट ठेवलाय आणि आपण बाहेर बाकड्यावर बसलोत." मला इतकं नेमकं सांगता आलं नसतं.

दिवसा त्या खिडकीत बसायच्या. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर आणि खिडकीसमोर सोसायटीचं जांभळाचं झाड. एका सकाळी त्यांनी मला हाक मारली. "हे झाड बघ. याला काहीतरी झालंय."

मी बघितलं. पानं पिवळी पडून गळत होती आणि आमच्या बाजूची एक मोठी फांदी जवळजवळ उघडी पडली होती. मी म्हटलं, "थंडीत गळतातच की पानं."

"एवढी नाय गळत. गेली कित्येक वर्षं मी इथे बसतेय." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "कोणीतरी विष घालता."

मला हसू आलं. पुस्तकातल्या खाडीत आदल्याच दिवशी एक टँकर येऊन काहीतरी ओतून गेला होता, आणि त्याचा वास आमच्या घरात आला होता हे उघड होतं. पण त्यांच्याकडे संशयितसुद्धा तयार होता. पहिल्या मजल्यावर एकटे राहणारे एक काका आहेत. त्यांची पांढरी गाडी त्या झाडाखाली उभी असते आणि जांभळाच्या दिवसात तिच्यावर जांभळे डाग पडतात. दरवर्षी सोसायटीच्या मीटिंगमध्ये ते उभे राहून झाडाची तक्रार करतात. सगळ्यांना ते पाठ झालंय.

"तो माणूस रोज सकाळी बालदी घेऊन खाली येता," सासूबाई म्हणाल्या. "झाडाच्या बुडाशी काहीतरी ओतता आणि इकडेतिकडे बघून वर जाता. माझ्या या डोळ्याने बघितलंय. हा चांगला डोळा आहे."

दुसऱ्या दिवशी मी दूध गॅसवर ठेवून खिडकीशी उभी राहिले. काका खरंच आले. बालदी ओतली, इकडेतिकडे बघितलं, वर गेले. तक्रार करणं वेगळं आणि हे वेगळं.

"आता पटलं?" मागून आवाज आला.

सेक्रेटरींना सांगूया म्हटलं तर त्या ऐकेनात. पुढच्या सकाळी गॉगल लावून, शाल गुंडाळून, माझा हात धरून खाली आल्या. आम्ही जिन्यापाशी थांबलो. काका बालदी घेऊन आले आणि आम्हाला बघून जागीच उभे राहिले.

"काय ओतताय तुम्ही रोज?" सासूबाईंनी सरळ विचारलं.

काका ओशाळले. "तांदूळ धुतलेलं पाणी, वहिनी. डाळीचं पण असतं."

"झाडाला?"

"हो ना. सुकत चाललंय ते. तुम्ही पाहिलं नाही?"

सासूबाईंनी गॉगल सारखा केला. मग म्हणाल्या, "पण तुम्हाला तर ते नको होतं. दरवर्षी तुमच्या गाडीचं रडगाणं ऐकतो आम्ही."

"गाडीची वाट लावतं ते खरंच आहे. पण गाडी धुता येते. हे गेलं तर दुपारचं ऊन सरळ माझ्या बेडरूममध्ये. ती सावली मी कुठून आणू?" ते जरा हसले. "आता एवढी वर्षं तक्रार केल्यावर लोकांसमोर पाणी घालायला लाज वाटते, म्हणून सकाळी येतो."

त्यांनी बालदी ओतली. पांढरट पाणी बुंध्याभोवतीच्या पेव्हर ब्लॉकवर पसरलं, थोडा वेळ तिथेच घुटमळलं आणि उताराने गटाराकडे निघून गेलं. बुंध्याला लागून सिमेंटचा पट्टा घातलेला होता. थेंबभरही पाणी आत गेलं नाही. आम्ही तिघं ते बघत उभे राहिलो.

"रोज असंच होतं," काका म्हणाले. "मागच्या वर्षी हे फरश्यांचं काम झालं ना, तेव्हापासून."

सासूबाई एकदम वळल्या आणि जिन्याकडे चालायला लागल्या. वर आल्यावर चहासुद्धा नको म्हणाल्या. दिवसभर खिडकीत न बसता आत पडून राहिल्या. संध्याकाळी मी पुस्तक उघडलं तर त्यांनी पानावर हात ठेवला.

"आज नको." मग पुस्तक मिटून, "ता फरश्यांचा काम माझ्यामुळे झाला."

मला तेव्हा आठवलं. त्याच्या आदल्या पावसाळ्यात झाडाखालच्या चिखलात त्या घसरल्या होत्या. मनगट मुरगळलं होतं. त्यानंतर सेक्रेटरी दिसले की त्या त्यांना अडवून विचारायच्या, फरश्या कधी घालताय. शेवटी सोसायटीने सगळं आवार फरश्यांनी झाकून टाकलं आणि आम्ही घरी शिरा केला होता.

"आई, सिमेंट खोडापर्यंत घाला असं तुम्ही थोडंच सांगितलं होतं."

"विचारलं पण नव्हतं ना. खाली झाड आहे हे डोक्यातच नव्हतं. पाय तेवढा घसरू नये." त्यांनी गॉगल काढून पदराने पुसला. "पुस्तकात असा लिवलेला असता तर माका पटला नसता. तपास करणारीच गुन्हेगार." आणि त्या हसायला लागल्या, आधी हळू आणि मग खांदे हलेपर्यंत. मी पण हसले. त्या घरात आम्ही दोघी एकत्र इतक्या हसल्याचं मला आठवत नव्हतं.

पुढचं सगळं त्यांनीच केलं. सेक्रेटरी म्हणाले ठराव लागेल, मीटिंग बोलावावी लागेल. मीटिंगला एकजण म्हणाले की एका गाडीची जागा जाईल. दुसरे म्हणाले पुन्हा चिखल होईल, पुन्हा कोणी पडेल. तेव्हा सासूबाई उठल्या. "मी पडले म्हणून तुम्ही फरश्या घातल्या. आता मी सांगते म्हणून झाडापुरत्या काढा. मला पडायचंच असेल तर मी दुसरीकडे पडेन." मागच्या रांगेतून काका म्हणाले, "जाईल ती जागा माझ्या गाडीची." ते वाक्य त्यांच्या तोंडून ऐकून सगळे इतके चकित झाले की विरोध करायचा राहूनच गेला.

रविवारी दोन माणसं घण आणि पहार घेऊन आली. बुंध्याभोवती चांगलं ऐसपैस गोल आळं मोकळं केलं. खालची माती राखाडी आणि दगडासारखी घट्ट निघाली. सासूबाईंसाठी खाली खुर्ची आणली होती. काकांनी बालदी ओतली. पाणी वरच साठून राहिलं, मग त्यात एक बुडबुडा आला, आणखी दोन आले आणि ते हळूहळू खाली जायला लागलं.

"पितंय," सासूबाई म्हणाल्या. नवऱ्याने जाऊन दुसरी बालदी भरून आणली.

पुस्तक त्याच आठवड्यात संपलं. भाषणं देणारा माणूस निर्दोष निघाला. सासूबाई हरल्या, पण या वेळी लेखकावर चिडल्या नाहीत. शेवटी ती तपासणारी बाई पुन्हा खाडीवर जाते, मासे काही आलेले नसतात, चिखलात फक्त एक लहानशी कुर्ली तिरकी पळताना दिसते, आणि तिथे गोष्ट थांबते.

नवरा म्हणाला, "एवढंच? मासे नाहीच आले?"

"येतील रे," सासूबाई म्हणाल्या. "घाई कसली आहे तुला."

झाड वाचलं, पण सगळं नाही. आमच्या बाजूची ती फांदी गेली होती. महापालिकेची परवानगी काढून ती कापावी लागली. बाकीच्या झाडाला पाऊस लागल्यावर कोवळी तांबूस पालवी आली. आळ्यात चिखल होतो, आणि त्याच्या कडेने जाताना सासूबाई माझा हात धरतात. आता त्यांना दोन्ही डोळ्यांनी स्वच्छ दिसतं. त्या स्वतः वाचू शकतात, वाचतातही. पण हिरवी पुस्तकं मीच वाचून दाखवायची असं ठरून गेलंय. काकांनी एकदा जिन्यात विचारलं, "मी आलो तर चालेल? खालून अर्धंच ऐकू येतं." तेव्हापासून तेही येतात, येताना वेफर्स आणतात, आणि सासूबाई त्यांना वाचन चालू असताना खाऊ देत नाहीत.

दुसरं पुस्तक तिवरांच्या, म्हणजे खाडीतल्या खारफुटीच्या, जंगलावरचं निघालं. रात्रीत तिवरं तोडणारी टोळी, तिच्या मागावर असलेली एक कोळीण. दोन प्रकरणं झाल्यावर कळलं की आमच्यापैकी कोणी तिवरं नीट जवळून पाहिलेलीच नाहीत. मुंबईत जन्म गेला तरी. काका म्हणाले, "मग जाऊया की. गोराईला." आणि एका सुट्टीच्या दिवशी आम्ही खरंच गेलो. बसने बोरिवली, तिथून रिक्षाने जेट्टी, आणि मग बोट. खाडीच्या पाण्यावर दोन्हीकडे तिवरं दाट उभी होती. ओहोटी होती, त्यामुळे चिखलातून बोटांसारखी वर आलेली त्यांची मुळं दिसत होती. सासूबाई रेलिंगला धरून बराच वेळ बघत होत्या. कोणावर संशय घेतला नाही, कोणाला काही विचारलं नाही.

गोराईत उतरल्यावर रस्त्याकडेला एक बाई सुके बोंबील घेऊन बसली होती. सासूबाईंनी तिच्याशी मनसोक्त घासाघीस केली आणि शेवटी ठरल्यापेक्षा जास्तच बोंबील घेतले. परतीच्या बसमध्ये त्या पिशवीचा वास सुटला. पुढच्या सीटवरच्या बाईने नाक मुरडून खिडकी उघडली, काका आपण त्यातले नाही असा चेहरा करून बसले, आणि सासूबाई पिशवी मांडीवर घेऊन शांत झोपल्या. संध्याकाळी त्यांनी बोंबलाची चटणी आणि भाकरी केली. काका आमच्याकडेच जेवले. ताटं उचलून झाल्यावर मी पुस्तक आणलं आणि तिसरं प्रकरण सुरू केलं.