राजाचा व्हिडिओ कॉल

कतारच्या गोष्टी म्हटलं की लोक आधी उंट शोधतात. उंट नाही. काचेच्या उंच बिल्डिंगी, वाळूत उडणाऱ्या गाड्या, शेखाने खूश होऊन दिलेलं घड्याळ, तेही नाही. आहे तो इंग्लंडचा एक राजा. सहाशे वर्षांपूर्वी मेलेला. आणि तो मी दोह्यात, अल हिलाल भागातल्या ताईच्या हॉलमध्ये, सोफ्याच्या उशांवर उभं राहून केला होता. नाव सांगत नाही. त्या नावाचे तिकडे इतके झालेत की मागे नंबर लावावा लागतो.

मी करमाळ्याचा. शाळेत मार्क पडायचे नाहीत, पण बाहेरून हेडमास्तरांचा आवाज काढला की अख्खा वर्ग उभा राहायचा. इथे कंपनीच्या स्टोअरमधून नटबोल्ट काढून देतो आणि जेवणाच्या सुट्टीत फोरमनचा आवाज काढतो. शुक्रवारी सुट्टी, आणि जेवण ताईकडे.

त्या शुक्रवारी ताईने दारातच सांगितलं, "जेवायचं नंतर. आधी हिला बोलती कर. तुझं तोंड कुठेतरी उपयोगाला येऊ दे."

ही म्हणजे माझी भाची, पाचवीतली. घरात बडबड बडबड, वर्गात उभी केली की गप्प. आदल्या टर्मला पालकांसमोर बोलायचं होतं, तर ही नुसती उभी. शेवटी मॅडमनी हात धरून खाली बसवली. नंतर शाळेचं नाव काढलं की हिचं पोट दुखायचं. आता परत तीच पाळी आली होती. विषय हा राजा आणि त्याच्या लढाया. दाजी समुद्रातल्या गॅसच्या प्लॅटफॉर्मवर असतात, काही दिवस तिकडे, काही दिवस घरी. हिचं ऐकायला म्हणून त्यांनी एकाशी ड्युटी बदलून घेतली होती. त्यामुळे ही जास्तच घाबरलेली.

"मामा, आय विल जस्ट स्टँड देअर अगेन." तिला मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत येतं.

"उभी राहा की. राजा पण उभाच होता. चिखलात."

मग मी लढाई लावली. राजा जहाजं घेऊन फ्रान्सला उतरला. एका बंदराला वेढा घातला. बंदर मिळालं, पण निम्म्या सैन्याची पोटं बिघडली. दुसरा कोणी असता तर घरी गेला असता. हा म्हणाला, नाही, लांबचं आपलं दुसरं बंदर आहे, तिथवर चालत जायचं. वाटेत फ्रेंच आडवे आले, याच्यापेक्षा कितीतरी जास्त. रात्रभर पाऊस. सकाळी फ्रेंच सरदार अंगभर लोखंड घालून नांगरलेल्या रानात उतरले. ते मी फोरमनच्या आवाजात केले, "यल्ला, यल्ला, पुढे चला, पाय का निघत नाही, हेल्मेट कुठाय," आणि उशीत रुतून पडलो. राजाच्या तिरंदाजांनी समोर टोकदार लाकडं ठोकली आणि लांबूनच बाणांचा मारा केला. खलास.

भाची हसली, पण स्वतः करून दाखवेना. शाळेच्या पुस्तकाचं पान उलटून मलाच विचारलं, याचं बाळ कुठे होतं?

मला काय माहीत. मग तिनेच वाचून सांगितलं. राजा परत फ्रान्सला गेला, एकेक गाव घेत सुटला, तिथल्या राजाच्या मुलीशी लग्न केलं, तिला घरी आणलं आणि काही महिन्यांत पुन्हा लढाईला गेला. बाळ झालं इंग्लंडमध्ये, हा तिकडे वेढा घालून बसलेला. तिकडेच आजारी पडून मेला. बाळ पाहिलंच नाही.

"ही डिडन्ट हॅव अ फोन," ती म्हणाली.

"मग आपण देऊ."

आवाज माझ्याकडे तयार होता. भाची करमाळ्याला झाली तेव्हा दाजी इथे नवीन होते, सुट्टी मिळेना. मी शाळेत होतो. रोज संध्याकाळी त्यांचा व्हिडिओ कॉल यायचा, आणि पाळण्यापाशी फोन धरून उभं राहायचं काम माझ्याकडे. मी मूठ कानाला लावली आणि राजा झालो.

"हॅलो. हॅलो. आवाज येतोय का? बाळाकडे धर. अरे हे छत आहे, बाळाकडे धर. डोळे उघडले? परत मिटले? राहू दे, झोपू दे. वेढा संपला की येतोच."

भाची उठलीच. "नो, बाबा सेज इट लाइक धिस." आणि माझ्याहून भारी काढला. नाकातून, शेवटचा 'लो' लांबवत. मग थांबेचना. चपात्या गार झाल्या.

शाळेत आम्ही तिघेही गेलो. दाजींनी इस्त्रीचा शर्ट घातलेला. भाचीचा नंबर आला. उभी राहिली, आणि गप्प. मॅडम पुढे सरकल्या. ताईने माझं मनगट इतकं आवळलं की घड्याळ रुतलं. तेवढ्यात भाचीने मूठ कानाला लावली.

"हॅलो. हॅलोओ."

शब्द सगळे इंग्रजी, आवाज दाजींचा. वेढा, चिखल, बाण, सगळं राजा फोनवरून घरी सांगतोय. हॉल हसायला लागला. पहिल्या हॅलोला दाजी पण हसले. छत आलं, बाळाचे डोळे आले, मग नेट गेलं आणि राजा एकटाच हॅलो हॅलो करत राहिला. तेव्हा दाजी बुटांकडे बघत होते. टाळ्या खूप पडल्या. भाची जागेवर आली ती उड्या मारतच.

गाडीत बसल्यावर दाजी म्हणाले, "कोणी शिकवलं?"

"मामा," भाची म्हणाली. "बट द हॅलो इज माइन."

ताई सुरू झाली. "शाळेत, सगळ्यांसमोर, हिच्या बापाचा आवाज? राजाला राजाचा आवाज द्यायचा."

"राजाचा कुणी ऐकलाय, ताई?"

"उलट बोलू नको."

सिग्नलला दाजींनी गाडी थांबवली. मग आरशातून माझ्याकडे बघत हळू बोलायला लागले. "ती बोलली, चांगलं झालं. तिला काही म्हणत नाही. तुला सांगतोय. नेट जायचं तेव्हा मी रूमबाहेर उन्हात उभा राहायचो, रेंज येईपर्यंत. रेंज आली की तू तिकडे फोन धरून खिदळताना ऐकू यायचास. पुढच्या वेळी माझा आवाज काढायचा तर आधी मला विचारायचं. आणि मी पहिल्यांदा गावी येऊन हिला उचलली, तर ही मला बघून रडली आणि तुझ्याकडे झेपावली. ते मात्र कुठल्या राजाच्या तोंडी घालू नकोस. कळलं का?"