एकांताच्या जागेवर अकरा पाहुणे

मागच्या रविवारी आम्ही पिकनिकला गेलो होतो, कारंजा घाडगेच्या पलीकडच्या डोंगरात. आम्ही म्हणजे माझी नात पल्लवी, तिचा होणारा नवरा निखिल आणि मी... दोघांच्या मधे मी कशाला, हे मलाही अजून नीट कळलेलं नाही.

झालं असं, की दसऱ्यानंतर दोघांचं साक्षगंध झालं, म्हणजे लग्न पक्कं. पल्लवी वर्ध्याला दवाखान्यात नर्स आहे, निखिल हिंगणघाटचा. साक्षगंधाच्या दुसऱ्याच दिवशी त्याच्या आईने फोनवर सहज सांगून टाकलं, लग्नानंतर नोकरीचं काही काम नाही.

तेव्हापासून पोरगी अर्ध्या ताटावरून उठायची. तिला एवढंच जाणून घ्यायचं होतं, की निखिलचं स्वतःचं म्हणणं काय... तोही सोड म्हणाला, तर लग्न मोडायचं, हे तिने मनात ठरवलं होतं. माहीत फक्त मला.

मी म्हटलं, घरीच विचार की. पण आमच्या सिंदी मेघेच्या घरात खोल्या तीन आणि कान चौदा. फोनवर तिला विचारायचं नव्हतं, त्याचा चेहरा पाहायचा होता. बागेत गेले तर काकू भेटते, हॉटेलात गेले तर मावसा.

म्हणून एकांताची जागा शोधणं सुरू झालं. तिने मोबाईलमध्ये मला चार-पाच जागा दाखवल्या... एकांत म्हणे, आणि प्रत्येक फोटोत माणसं उभी.

शेवटी मीच म्हटलं, जागा माझ्याजवळ आहे. पोरवयात त्या डोंगरावर मी गवत कापायला जायची. वर सपाटीवर भावाचं वावर आहे, बाजूला ओढा, मोहाची दोन झाडं, आणि माणूस म्हणून नाही. माझ्या लेकाने, म्हणजे पल्लवीच्या बापाने, जाऊ दिलं, पण आजीला सोबत न्यायच्या अटीवर. म्हणजे एकांतही मोजून-मापून.

पोरीने बॅगेत केक आणि चिप्स घेतले. त्याला काय पिकनिक म्हणतात... मी कणीक घेतली, वांगी घेतली, तुपाचा डबा घेतला आणि निखिलच्या नव्या गाडीच्या डिक्कीत गोवऱ्यांचं पोतं टाकलं. वावरात जाऊन निखाऱ्यात कणकेचे गोळे, म्हणजे रोडगे, भाजले नाहीत, तर गेलो कशाला? पोराचं तोंड एवढंसं झालं.

जागा पाहून पल्लवी खूश. खाली दूरवर तुरीचा पिवळा फुलोरा, बाजूला ओढ्याचा आवाज. म्हणाली, "आजी, इथं कोणी येत नाई न?"

"कोन येते इथं? माकडं येतीन."

दोघं मोहाखाली जाऊन बसले. मी ओढ्याकाठच्या मोकळ्या खडकावर गोवऱ्या पेटवल्या आणि त्यांच्याकडे पाठ करून बसले. लाज मलाच वाटत होती.

थोड्या वेळाने एक गुराखी आला आणि बसला. मग तुरीच्या राखणीवरचं जोडपं आलं. मग कापूस वेचणाऱ्या बाया, एकीमागे एक. मी चक्रावले. इतक्या वर्षांत इथे चिटपाखरू पाहिलं नव्हतं, आज हे लोक उगवले कुठून? मला वाटलं, पल्लवीनेच मोबाईलवर टाकलं. तिला वाटलं, मीच भावाला सांगितलं. आम्ही दोघी एकमेकींकडे डोळे मोठे करून बघतोय...

शेवटी गुराख्यालाच विचारलं. तो म्हणाला, "धूर दिसला न माय. रोडगे लागले म्हणून आलो."

घ्या. आमच्याकडे वावरातून गोवऱ्यांचा धूर निघाला की ते आवतणच असतं, आणि आलेल्याला जेवू घातल्याशिवाय पाठवायचं नसतं. जन्मभर मीही असाच धूर पाहून लोकांच्या वावरात जेवले आहे. पण त्या दिवशी डोकं कुठे होतं, कोण जाणे. मोजले तर अकरा पाहुणे. रोडगे पुरले, कारण तीन माणसांपुरती कणीक मला भिजवताच येत नाही.

पल्लवीच्या डोळ्यांत पाणी. धुराने असेल, म्हटलं मी, तर तिने माझ्याकडे असं पाहिलं... की मी गुपचूप वांगी ढवळायला लागले. तरी एका बाईच्या बोटाला कापलं होतं, ते तिने धुतलं आणि पट्टी बांधून दिली. निखिल राखेतून रोडगे काढून, फडक्याने झटकून एकेकाला देत होता. दोघांच्या मधे अकरा माणसं.

पट्टीवाली बाई रोडगा कुस्करता कुस्करता म्हणाली, "जवाईबापू, पोरगी नर्स हाय म्हंते. हात हलका हाय तिचा. लगन झाल्यावर नोकरी ठेवसान का सोडवसान?"

सगळ्यांचे हात थांबले. निखिलच्या हातातला रोडगा तसाच. "मले तर वाटते, तिनं करावी," तो म्हणाला. "आई नाई म्हणते. मी आईले अजून काई बोल्लो नाई."

"मग कधी बोलणार आहेस तू?" ही पल्लवी. माझ्यासमोर आजवर तुम्ही-तुम्ही, आणि अकरा माणसांत एकदम तू... मी सांगते ते टाइप करता करता पल्लवी म्हणते, एवढं नको सांगू. राहू दे, म्हटलं.

पोरगा उठला, रेंज येते त्या दगडावर चढला आणि आईला फोन लावला. आम्हाला ऐकू काही येईना, नुसते त्याचे हात हलताना दिसत होते. इकडे बायांचं सुरू झालं.

"मानली वाटते."

"नाई मानली. पाह्य न कसा उभा हाय."

परत आला, बसला. म्हणाला, "घरी ये, मंग बोलू म्हणते." पल्लवीने त्याच्या रोडग्यावर तूप वाढलं... चांगल्या दोन पळ्या.

आता हे जमलं म्हणायचं की नाही, ते मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही नाही. गाडीत विचारलं, तर दोघं नुसते हसतात. निखिलच्या आईचा आमच्याकडे फोन अजून यायचा आहे.

एक मात्र कळलं. इतके दिवस तो प्रश्न माझ्याही तोंडात होता. पोरीचं लग्न मोडेल, या भीतीने मी तो गिळत राहिले. आणि त्या बाईने जेवता जेवता विचारून टाकला... तिचं नावसुद्धा मी विचारलं नाही. बाई, तू हे वाचणार नाहीस, वाचणं मलाही येत नाही. पण कोणी तुला वाचून दाखवलं तर ऐकजो, तुझे उपकार आहेत माझ्यावर.