साहेबांच्या भिंतीवरचा कष्टाळू माणूस

आता माझ्या अकलेचं प्रदर्शन मीच मांडते, बसा! चहा घ्या, पण घोट तोंडात ठेवून ऐकू नका.

सौदीत तबूकला होतो तेव्हाची गोष्ट. सौदी पोरांना कामावर घ्या, असं फर्मान निघालेलं. यांच्या स्टोअरला दोन परदेशी क्लार्क, आमचे हे आणि एक केरळवाला. एकाला फायनल एक्झिट, म्हणजे कायमचं गावी परत! कुणाला, ते इंग्रज साहेब ठरवणार. आणि त्याच आठवड्यात साहेबांनी दोघांना बायकापोरांसकट चहाला बोलावलं.

"शबाना, तिथं नुसतं हसायचं," हे गाडीत दहादा म्हणाले. "बोलायचं नाही!"

नोकरी गेली तर आमच्या लेकीची, झोयाची शाळा अर्ध्यावर. गावी सासूबाई दारातच विचारणार, "आलात?"

केरळवाल्याची बायको ओठ शिवल्यासारखी बसली. मीही बसले असते हो! पण समोर भिंतीवर पाच जुनी छापील चित्रं, काळ्या शाईची. पाचही चित्रांत तोच माणूस. साहेबांच्या मॅडम म्हणाल्या, "यू लाईक?"

आता सवय बघा. कुराण उजवीकडून, तिथल्या अरबी पाट्या उजवीकडून. मीही उजवीकडूनच सुरू केलं. माणूस तुरुंगात, पायात बेड्या. मग सुटला, बर्फात भीक मागतोय. पुढे हमाल त्याच्या घरी पलंग-कपाटं आणतायत. मग मेजवानी, कुत्रासुद्धा टेबलावर! शेवटी नवा कोट घालून मोठ्या खुर्चीत, नोकर वाकलेले.

माझे डोळेच भरून आले. काय कष्ट केले असतील!

"झोया, साहेबांना सांग, ही तुमचीच कहाणी ना? माशाल्ला! आमच्या ह्यांनाही याच रस्त्यानं न्या."

झोयानं शब्दन् शब्द इंग्रजीत सांगितला. ह्यांनी टेबलाखालून मला पाय मारला.

मला वाटलं, कौतुक कमी पडलं. "आणि फर्निचर छान घेतलंत हो!"

झोया चित्रांपाशी गेली. "अम्मी, नीचे नंबर है! लेफ्ट से देखो ना! ये अमीर था, मस्ती किया, लोग सामान उठाके ले गए, लास्ट में जेल!"

साहेबांनी समजावलं, त्यांच्या देशात पूर्वी उधळ्या पोरांची अशी टिंगल छापून विकायचे. लोकांना धडा मिळावा म्हणून. मिळाला ना मला, पाहुण्यांसमोर!

आठवड्यानं परत जाणाऱ्याचं नाव लागलं. केरळवाल्याचं. जी बिचारी गप्प बसली, तिचं सामान बांधलं गेलं. असा साहेबांचा न्याय!

मी हळूच ह्यांना विचारलं, "साहेब माझ्यावर खूश झाले ना?"

"झाले तर! म्हणाले, याला घरीच एवढी शिक्षा आहे, आणखी मी कशाला देऊ?"