वर्लाची आगाऊ आरोळी

वर्ला नोवाकचा आवाज आधी यायचा, मग वर्ला. उभा जन्म तिनं ऑडेल गावात शाळेची बस हाकली. मागच्या बाकावर मारामारी जुंपली की मान न वळवता अशी आरोळी ठोकायची, की पोरं तर गप बसायचीच, पण रस्त्याकडेच्या गोठ्यातल्या गाईही रवंथ करायच्या थांबायच्या. निवृत्त झाली तेव्हा शाळेनं घड्याळ देऊ केलं. ही म्हणाली, "घड्याळ घालून कुठं जायचंय मला? बसमधला रेडिओ द्या."

तो रेडिओ तिच्या गॅरेजात खिळ्याला टांगलेला असायचा. एप्रिल लागला, अंगणाच्या कोपऱ्यात बर्फाचा शेवटचा ढीग काळाठिक्कर पडून राहिलेला असला, तरी गॅरेजचं दार वर जायचं. साळिंदरांचे सामने सुरू झालेले असायचे ना! साळिंदरं म्हणजे जिल्ह्याची बेसबॉलची टीम. टोपीवर काटे फुलवलेलं साळिंदर, आणि खेळ असा की कधी कुणाला टोचतील, कधी स्वतःच गुंडाळून बसतील, भरवसा नाही. मैदान तासभर लांब. तिथल्या गारठलेल्या बाकावर बसायला जूनच्या आधी वर्लाचे गुडघे राजी नसत. म्हणून रेडिओ. आणि ऐकता ऐकता जुन्या फळ्यांची पाखरांसाठी घरं करायची, ती रंगवायची. साळिंदरांनी फटका मारला की ही ओरडायची, हात उडायचा, आणि घरावर रंगाचा एक फराटा उठायचा. मेच्या जत्रेत लोक फराट्याचीच घरं आधी उचलत. म्हणत, नुसतं रंगवलेलं घर काय कुणीही करतं.

कुंपणापलीकडं ऑर्व्हिल टेस्के. चीजच्या कारखान्यातून निवृत्त, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. त्याला दोनच नाद, खिडकीत टोमॅटोची रोपं वाढवायची आणि माशाच्या गळाला पिसं-दोरे गुंडाळून मासे भुलवायच्या खोट्या माश्या बनवायच्या. त्याचाही एक रेडिओ होता. दोन घरांत दोन रेडिओ, मधे कुंपण, आणि अख्खा सामना इकडून तिकडं टोमणे. दोघांची सगळी ओळख, सगळा शेजार त्या आरडाओरड्यातच झालेला. एरवी बर्फ उपसताना हात वर करण्यापलीकडं बोलणं नाही.

या हिवाळ्यात ऑर्व्हिलचा रेडिओ कायमचा बसला. नाताळात त्याच्या पोरानं भिंतीएवढा टीव्ही आणून लावला. इंटरनेटवर सामना दिसतो, म्हणे. दिसायचा खरा, पण रेडिओच्या मागं अर्धं मिनिट.

सामन्यांच्या पहिल्याच आठवड्यात ऑर्व्हिल कुंपणाशी येऊन उभा राहिला. हातात अर्धवट बांधलेली माशी, तोंड आंबलेलं.

"वर्ले, जरा ऐकतीस का?"

"बोल की. साळिंदरं सलग पाच जिंकली आन् तुजं थोबाड का असं?"

"तुज्यामुळंच. माज्या टीव्हीत चेंडू टाकनारा पिचर आजून हातावर थुकतोय, आन् हिकडं तू बोंबललीस की मला कळतंय, आता होम रन, चेंडू भिंतीपल्याड. कसली मजा राहिली? लग्नाआधीच बारशाचे पेढे आल्यागत वाटतंय."

"मग टीव्ही बंद कर की."

"पोरानं पैसं घातल्यात गं. तेवढं तोंड मिटून ऐकता येतंय का बघ. शेजारधर्म म्हनून."

वर्लाला ते लागलं. इतकी वर्षं जिच्या आवाजावर सामना चालायचा, तिलाच गप म्हणतोय. पण 'शेजारधर्म' म्हटल्यावर बोलणार काय? "बरं," म्हणाली, आणि दुसऱ्या दिवसापासून दातात ब्रशचा दांडा धरून बसू लागली.

साळिंदरं हरली. दुसऱ्या दिवशी हरली. तिसऱ्या दिवशी अशी हरली की रेडिओवरचा माणूस शेवटी हवामानाबद्दल बोलत बसला. वर्लाची घरं मात्र सुबक होऊ लागली, कुठं फराटा नाही, कुठं ठिपका नाही. ती स्वतःच त्यांच्याकडं बघून म्हणायची, "दवाखान्यातल्या कपाटासारखी दिसतायत मेली." सामना संपायच्या आतच दार ओढून घ्यायची. कुंपणापलीकडून चकार शब्द येत नव्हता, आणि रेडिओ चालू असून गॅरेज पहिल्यांदाच तिला रिकामं वाटत होतं.

शुक्रवारी डॉटीच्या बारमध्ये तळलेले मासे खायला सगळा गाव जमतो. आदल्या दिवशीच्या सातव्या हारीचं सुतक चाललं होतं. त्या दिवशीचा सामना अर्ध्यावर टाकून आलेला ऑर्व्हिल बियरचा घोट घेऊन जरा फुशारकीनंच म्हणाला, "मला एक बरं झालंय बघा. त्या वर्लाला गप बसवलंय. आता निवांत बघतोय."

डॉटीनं त्याच्यापुढं ठेवलेली माशांची ताटली तशीच परत ओढली.

"कुणाला गप बसवलंस म्हनालास?"

"वर्लाला..."

"कवापासनं?"

ऑर्व्हिलनं बोटांवर मोजलं. मोजता मोजता त्याच्या मानेवरून लाली वर चढत गेली. "हरायला लागली... त्याच दिवसापासनं."

"मुडद्या!" डॉटी म्हणाली. "जा आदी. तिला वरडायला लाव, मग मासं खा."

ऑर्व्हिल आला तेव्हा वर्ला रेडिओचा आवाज बारीक करून एका घराला निळा रंग देत होती. सामना शेवटच्या डावात, साळिंदरं एका धावेनं मागं.

"वर्ले, वरड."

"काय?"

"वरड म्हनतोय. गाव मला खायला उठलंय."

"आरं, सांगून वरडता येतंय व्हय? खोकला हाय का त्यो?" तरी तिनं प्रयत्न केला. एक 'हो' निघाला, तोही किनरा. कोपऱ्यावरचं कुत्रं तेवढं भुंकलं. "बघ. गेला आवाज. गंजला."

ऑर्व्हिल उभाच राहिला. मग त्यानं भिंतीला टेकवलेली घडीची खुर्ची उलगडली, त्या नीटनेटक्या घरांकडं बघितलं आणि हळूच म्हणाला, "खरं सांगू? टीव्हीत सगळं दिसतंय गं. पन शिव्या द्यायला कुनी न्हाई."

वर्लानं हात लांब करून रेडिओ मोठा केला.

दोघं बाद, तिसरा बाद झाला की खेळ खलास; एक गडी बेसवर, धाव पुरी करायला टपलेला. बॅट घेऊन आला एस्कोबेडो, नवा पोरगा, आठवडाभरात एक सरळ फटका नाही. "ह्यो काय मारतोय," ऑर्व्हिल पुटपुटला. "ह्याच्यापरीस माजं टोमॅटो बरं." रेडिओवरचा माणूस म्हणाला, चेंडू आला... आणि टाळकन आवाज झाला. उंच गेला, लांब गेला, डावीकडची भिंत...

आरोळी उठली. पण वर्लाची नव्हे! ऑर्व्हिल खुर्चीवरून उडाला होता, खुर्ची मिटून पडली होती, आणि चीजच्या कारखान्यात भोंगा झाल्यागत तो ओरडत होता. दोन आठवडे प्रत्येक फटका शिळा होऊन त्याच्याकडं आलेला. हा ताजा होता, कुणी चाखलेला नव्हता. ते बघून वर्लाचंही कुलूप निघालं. तिची आरोळी अशी गेली की छपरावरच्या सगळ्या चिमण्या उडाल्या, ब्रश सुटला, आणि निळा फराटा घरावरून थेट ऑर्व्हिलच्या टोपीवरच्या साळिंदरावर.

साळिंदरं जिंकली होती. दोघं दम खात, डोळे पुसत हसत होती, तोच कुंपणापलीकडून खणखणीत आवाज आला. टाळ! आणि मागोमाग हजार माणसांचा गलका.

वर्ला दचकली. "आता गं बया! हे काय?"

"टीव्ही चालूच राहिला की माजा," ऑर्व्हिल म्हणाला. "एस्कोबेडो तिकडं आत्ता मारतोय."

दोघांनी एकमेकांकडं बघितलं.

"मग बघतोस काय नुसता?" वर्ला म्हणाली, आणि दोघं परत एकदा, पहिल्यापेक्षा मोठ्यांदा ओरडली.

दुसऱ्या दिवशी ऑर्व्हिल खुर्ची, दोरे आणि टोमॅटोच्या रोपांचा ट्रे घेऊन सामन्याआधीच गॅरेजात आला. घरातला टीव्ही त्यानं मुद्दाम चालू ठेवला होता, खिडकी उघडून, आवाज पार वर करून.